कारंजा : लुटीतून उरलेले धन

वाशीम जिल्ह्याच्या मानोरा तालुक्यातील इंझोरी हे वऱ्हाडातील इतर शेकडो गावांसारखेच शेतीवर जगणारे गाव. अशा गावांचे वर्ष पेरणी आणि वेचणीच्या हिशेबाने पुढे सरकते, आणि तो हिशेब पुरा होतो पेठेत. या टापूतील पिढ्यान्‌पिढ्यांची जुनी पेठ म्हणजे शेजारच्या तालुक्याचे ठाणे, कारंजा. जैन समाजाला कारंजा ठाऊक आहे ते तेथील तीन प्राचीन मंदिरांमुळे आणि गुरुकुलामुळे; दत्तभक्तांना ते ठाऊक आहे श्रीनृसिंह सरस्वतींचे जन्मस्थान म्हणून; व्यापाऱ्यांना कापसामुळे; आणि इतिहासाच्या वाचकांना १६७० च्या लुटीमुळे. या चार ओळखी वेगवेगळ्या वाटल्या तरी त्या एकाच नगराच्या आहेत. युद्धे, तह आणि व्यापार यांच्या आलटून-पालटून येणाऱ्या लाटांनी हे नगर घडविले. त्या लाटांत काय वाहून गेले आणि काय टिकले, याचा ताळेबंद मांडण्यासारखा आहे.

चार वेशी आणि अनेक नावे

जुने कारंजे तटबंदीचे गाव होते. दिल्ली वेस, दारव्हा वेस, मंगरूळ वेस आणि पोहा वेस ही त्याच्या चार वेशींची नावे आजही लोकांच्या तोंडी आहेत. वेशींची ही नावे म्हणजे एक प्रकारे गावाच्या व्यापाराचा नकाशाच होय. एक वाट शेजारच्या पोह्याला, एक मंगरूळला, एक दारव्ह्याला आणि एक थेट पातशाही राजधानीच्या दिशेने. ज्या गावाच्या वेशीला दिल्लीचे नाव पडते, त्या गावाचा माल कोठवर जात असेल याचा अंदाज त्या नावावरूनच येतो. ज्या वाटेने माल जातो त्याच वाटेने फौजाही येतात, हे मात्र त्या गावाला पुढे वारंवार अनुभवावे लागले.

गावाच्या नावांतही इतिहासाचे थर आहेत. करंज ऋषींनी येथे तप केले आणि त्यांच्या तपाने येथील तलावाला पाणी आले, अशी आख्यायिका आहे. तो ऋषी तलाव गावाच्या ओळखीचा भाग आहे. जैन भट्टारकांच्या संस्कृत लेखनात या नगराचे ‘कार्यरंजकपुर’ असे भारदस्त रूप झाले. अहमदनगरच्या राजकन्येला हे गाव आंदण मिळाले, म्हणून ते ‘बीबीचे कारंजे’ म्हणविले गेले, अशी एक परंपरा सांगते. आणि व्यापारी लाड ज्ञातीची वस्ती येथे इतकी भरभराटीला आली की अखेर ‘कारंजा लाड’ हेच नाव रूढ झाले. ऋषी, धर्मपीठ, सुलतानी घराणे आणि व्यापारी, अशा चौघांनी या गावावर आपापली मोहोर उठविली. पण सरतेशेवटी टिकली ती व्यापाऱ्यांची मोहोर.

सरहद्दीवरची पेठ

वऱ्हाडचे भाग्य आणि दुर्भाग्य एकाच गोष्टीत आहे. जमीन काळी, कसदार आणि कापसाला अनुकूल. आणि मुलूख उत्तर हिंदुस्थान व दख्खन यांच्या मधोमध. बहमनी राज्य मोडले तेव्हा १४९० मध्ये इमादशाहीने वऱ्हाडात स्वतंत्र सत्ता स्थापिली. १५७४ मध्ये अहमदनगरच्या निजामशाहीने ती गिळली. पुढे दोन तपेही पुरी झाली नाहीत तोच अहमदनगरला मोगलांचा वेढा पडला आणि चांदबीबीने १५९६ मध्ये तहात वऱ्हाड मोगलांच्या हवाली केले. म्हणजे शंभराहून थोड्या अधिक वर्षांत या मुलखाने तीन धनी पाहिले. प्रत्येक धन्याबरोबर कारकून बदलले, नाणे बदलले, जकातीचे दर बदलले.

अशा मुलखात व्यापारी का यावा, हा प्रश्न स्वाभाविक आहे. उत्तर असे की सरहद्दीवरच व्यापाराला वाव असतो. एका बाजूस बुऱ्हाणपूरची मोगली छावणी आणि तेथून सुरतेच्या बंदराकडे जाणारी वाट, दुसऱ्या बाजूस तेलंगण आणि दख्खनचे मुलूख. मधल्या वऱ्हाडात कापूस, सूत आणि कापड. राजस्थानातून आलेले बघेरवाल, तसेच लाड व अन्य ज्ञातींचे व्यापारी येथे स्थिरावले. त्यांच्या मागोमाग भट्टारकांची पीठे आली. काष्ठासंघ, सेनगण आणि बलात्कारगण या दिगंबर परंपरेच्या तीन शाखांची मंदिरे एकाच नगरात असावीत, हे कारंज्याच्या आर्थिक बळाचेच निदर्शक आहे. धर्मपीठाला आश्रय देणारा समाज सुस्थिर असल्याखेरीज तीन-तीन पीठे एका गावात नांदत नाहीत.

या काळच्या श्रीमंतीची एक कथा कारंज्यात आजही सांगतात. कस्तुरी विकणारा एक परदेशी व्यापारी गावोगाव फिरला, पण त्याचा सगळा माल एकरकमी घेणारे गिऱ्हाईक त्याला कोठेच मिळाले नाही. कारंज्याच्या एका जैन श्रेष्ठीने तो सारा माल विकत घेतला आणि बांधकाम चालू असलेल्या आपल्या हवेलीच्या चुन्यामातीत कालविला. ‘कस्तुरीची हवेली’ ती हीच. कथेतील अतिशयोक्ती बाजूला ठेवली तरी तिचा मथितार्थ व्यापारी वाचकांच्या लक्षात येईल. परमुलखातला माल आपल्या पेठेतून न विकता परत जाणे हा पेठेचा कमीपणा, अशी त्या श्रेष्ठीची धारणा होती. पण अशा कथा वाऱ्यावर पसरतात, आणि श्रीमंतीचा सुगंध शत्रूच्या छावणीपर्यंतही पोहोचतो.

१६७० ची स्वारी

पुरंदरच्या तहात १६६५ मध्ये शिवाजी महाराजांना २३ किल्ले मोगलांना द्यावे लागले होते. १६७० मध्ये महाराजांनी पुन्हा युद्ध आरंभिले आणि गेलेले किल्ले एकामागून एक परत घेतले. किल्ले लढविण्यास आणि फौज पोसण्यास द्रव्य हवे, आणि ते शत्रूच्या मुलखातूनच उभारावयाचे, हे त्या युद्धाचे सूत्र होते. ऑक्टोबर १६७० मध्ये सुरत दुसऱ्यांदा लुटली गेली. परतीच्या वाटेवर वणी-दिंडोरीला १७ ऑक्टोबर रोजी मोगलांशी मोठी लढाई झाली. त्यानंतर अवघ्या काही आठवड्यांत मराठी फौज खानदेशात उतरली, बुऱ्हाणपुराजवळचे बहादुरपूर लुटले आणि कोणाच्या ध्यानीमनी नसताना वऱ्हाडात कारंज्यावर येऊन ठेपली.

इतिहासकार जदुनाथ सरकार यांनी दिलेल्या वृत्तान्तानुसार कारंज्यात मिळालेली लूट ४,००० बैल व गाढवे यांच्यावर लादून नेण्यात आली. तलम कापड, सोने व चांदी मिळून तिची किंमत १ कोटी रुपयांच्या घरात होती. गावातील धनवान मंडळींना खंडणीसाठी ओलीस म्हणून नेण्यात आले. त्यांतून निसटला तो गावचा सर्वांत मोठा सावकार, आणि तोही स्त्रीवेष धारण करून. महाराजांच्या फौजेत स्त्रियांना हात लावण्यास सक्त मनाई होती. शत्रूच्या मुलखातील सावकारालाही त्या शिस्तीची इतकी खात्री होती की आपला जीव आणि धन त्याने तिच्या भरवशावर सोडले. लुटीच्या या प्रसंगातली ही गोष्ट लुटणाऱ्याच्या चारित्र्याचीच साक्ष आहे.

या लुटीच्या वर्णनात व्यापारी नजरेला दोन बाबी विशेष जाणवतात. पहिली, लुटीत सोन्या-चांदीच्या बरोबरीने तलम कापडाचा उल्लेख येतो. कारंजा हे केवळ सावकारांचे गाव नव्हते, कापडाची उतारपेठ होते. दुसरी, या स्वारीबरोबर खानदेश-वऱ्हाडात चौथाईचे पर्व सुरू झाले. वाटेतील गावांच्या प्रमुखांकडून चौथ देण्याचे लेखी करार करून घेण्यात आले. महसुलाचा चौथा हिस्सा दिला तर गाव लुटीतून सुटे. सरकार दरबारी भरणा एकदा आणि चौथ दुसऱ्यांदा, असा दुहेरी बोजा रयतेवर आणि पेठेवर येऊन पडला. पातशाही सुभेदाराला स्वारी रोखता आली नाही. मग आपले रक्षण कोण करणार, हा प्रश्न १६७० नंतर कारंज्यातील प्रत्येक पेढीवर विचारला गेला असल्यास नवल नाही.

लुटीनंतरचे नगर

१ कोटीची लूट गेल्यावर एखादे गाव ओसाड पडावे, अशी कोणाचीही अपेक्षा असेल. पण त्याच पिढीतील एका प्रवाशाने वेगळे चित्र नोंदवून ठेवले आहे. श्वेतांबर मुनी शीलविजय यांनी सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात दक्षिणेतील तीर्थांची यात्रा केली आणि ‘तीर्थमाला’ या पद्यरचनेत तिचे वर्णन केले. त्यात कारंज्याचा उल्लेख धनवंतांची दाट वस्ती असलेले नगर म्हणून येतो. तेथील बघेरवाल ज्ञातीच्या संघवी भोज यांचे मुनींनी भरभरून वर्णन केले आहे. या गृहस्थाचे औदार्य, यात्रासंघासाठी त्याने केलेला खर्च आणि वाटसरूंसाठी चालविलेल्या पाणपोया यांचा त्यात समावेश आहे. हिवाळ्यात दूध आणि उन्हाळ्यात उसाचा रस व वेलदोड्याचा वास दिलेले पाणी, असा त्या पाणपोयांचा थाट होता.

वर्णन करणारे श्वेतांबर आणि ज्यांचे वर्णन केले ते दिगंबर, ही बाबही आजच्या वाचकाने ध्यानात ठेवावी अशीच आहे.

कारंजे इतक्या लवकर सावरले कसे? सोने लुटता येते, पण काळी जमीन नेता येत नाही. कापड नेता येते, पण विणकराच्या हातातले कसब बैलावर लादता येत नाही. आणि व्यापाऱ्याचे खरे भांडवल तर त्याच्या तिजोरीत कधीच पुरते नसते. ते दूरदूरच्या पेठांतील त्याच्या नावावरच्या विश्वासात असते. ज्याची हुंडी परगावी सकारली जाते, त्याची तिजोरी रिती झाली तरी पेढी बुडत नाही. ज्ञातिबांधवांचे जाळे, पतीवर मिळणारे कर्ज आणि वायद्याला जागण्याची रीत, यांच्यावर युद्धोत्तर कारंजे पुन्हा उभे राहिले असावे असे मानण्यास भरपूर आधार आहे. कारण दुसरे कोणते भांडवल त्या वेळी हाताशी शिल्लकच नव्हते.

मलखेडची आठवण

कारंज्यात आणखी एक धन होते, ज्याकडे कोणत्याही फौजेने ढुंकूनही पाहिले नाही. ते म्हणजे मंदिरांतील पोथ्या. त्यांची कथा सुरू होते दक्षिणेतल्या दुसऱ्या एका लुटलेल्या नगरात.

आजच्या कर्नाटकातील कलबुर्गी जिल्ह्यातले मलखेड हे गाव एके काळी राष्ट्रकूटांची राजधानी मान्यखेट होते. नवव्या शतकात अमोघवर्षाच्या काळी आचार्य जिनसेनांना या राजकुलाचा आदर लाभला. दहाव्या शतकात तिसऱ्या कृष्णाच्या कारकिर्दीत पुष्पदंत हा अपभ्रंश भाषेचा महाकवी तेथे आला. कृष्णाचा मंत्री भरत याने त्याला आश्रय दिला, आणि ९५९ ते ९६५ या काळात पुष्पदंताने त्रेसष्ट शलाकापुरुषांचे ‘महापुराण’ रचले. भरताचा पुत्र नन्न याच्या आश्रयाने त्याने ‘णायकुमारचरिउ’ आणि ‘जसहरचरिउ’ ही काव्ये लिहिली.

९७२ मध्ये माळव्याचा परमार राजा सीयक याने मान्यखेट लुटले. या घटनेला दोन कवींची साक्ष आहे. माळव्याकडचा धनपाल आपल्या ‘पाइयलच्छी’ या प्राकृत शब्दकोशाचा काळ सांगताना मान्यखेटच्या लुटीचे वर्ष म्हणून त्याची खूण देतो. म्हणजे जिंकणाऱ्यांच्या बाजूला ती लूट कालगणनेची एक सोय झाली. आणि लुटल्या गेलेल्या नगरातला पुष्पदंत, धारानगरीच्या राजाच्या कोपाग्नीत जळालेल्या राजधानीकडे पाहून, आता आपण राहावयाचे कोठे असा शोक करतो. राष्ट्रकूटांचे साम्राज्य पुढे थोड्याच वर्षांत लयाला गेले. मान्यखेट पुन्हा राजधानी म्हणून वर आले नाही.

पण पुष्पदंताच्या काव्याला आश्रय मिळाला. त्याच्या ग्रंथांच्या नकला एका भांडारातून दुसऱ्या भांडारात गेल्या. त्यांतील काही कारंज्याच्या मंदिरांत येऊन विसावल्या. कारंज्याच्या बलात्कारगणाच्या भट्टारकांची परंपरा तर थेट मलखेडच्या पीठाशी नाते सांगते, आणि तेथील सेनगण आपली परंपरा जिनसेन-गुणभद्रांच्या सेनान्वयाशी जोडतो. राजधानी मोडली तरी तिची विद्या पेठेच्या आसऱ्याने राहिली. राजे ज्याचे रक्षण करू शकले नाहीत, ते व्यापाऱ्यांनी आणि त्यांच्या भट्टारकांनी सांभाळले.

हे सांभाळणे घडले एका साध्या रूढीमुळे. व्रताचे उद्यापन असो, आप्तांचे पुण्यस्मरण असो, एखादी पोथी लिहवून घ्यावी आणि ती मुनी, आर्यिका वा भट्टारकांना अर्पण करावी, असे शास्त्रदान श्रावक-श्राविका करीत. पोथीच्या शेवटच्या पानावर लेखनाचे वर्ष, गाव आणि दान देणाऱ्या कुटुंबाची नावे येत. एका ग्रंथाच्या नकला दहा गावी झाल्या की एका गावावर धाड पडली तरी ग्रंथ नष्ट होत नसे. सर्व भांडवल एका ठिकाणी ठेवू नये, हे व्यापाराचे पहिले तत्त्व विद्येच्या बाबतीतही असे आपोआप पाळले गेले.

तह, तारण आणि कापूस

अठराव्या शतकात वऱ्हाडवर फौजांची ये-जा अधिकच वाढली. ११ ऑक्टोबर १७२४ रोजी बुलढाणा भागातील साखरखेर्ड्याच्या लढाईत निजामुल्मुल्काने मुबारिजखानाचा पराभव केला आणि दख्खनच्या इतर सुभ्यांबरोबर वऱ्हाडही निजामाचे झाले. दुसरीकडे नागपूरकर भोसल्यांचा वऱ्हाडच्या वसुलात मोठा हिस्सा होता. एकाच मुलखात दोन सत्तांचे दोन वसूलदार, अशी ही दुअंमली अनेक दशके चालली. त्यात पेशवे आणि भोसले यांचेही वैर. १७६९ मध्ये माधवराव पेशव्यांनी जानोजी भोसल्यांवर स्वारी केली आणि कनकापूरचा तह झाला. त्या तहात वाशीम आणि बाळापूर येथे विणलेले ५,००० रुपयांचे कापड भोसल्यांनी दरसाल पेशव्यांस द्यावे, असे एक कलम होते. सत्ताधीशांच्या तहनाम्यात विणकरांच्या मालाला स्थान मिळावे, एवढा या भागाच्या कापडाचा लौकिक होता.

१८०३ मध्ये इंग्रजांनी अडगाव आणि गाविलगड येथे शिंदे-भोसल्यांचा पराभव केला. देवगावच्या तहाने भोसल्यांना वर्धा नदीच्या पश्चिमेकडील मुलखावरचा हक्क सोडावा लागला आणि वऱ्हाड एकट्या निजामाकडे राहिले. पुढे पेंढाऱ्यांच्या धाडींनी गावे हैराण झाली. निजामाच्या खर्चाने पोसल्या जाणाऱ्या, पण इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखालच्या कंटिन्जंट फौजेची थकबाकी वाढत गेली, आणि त्या कर्जापोटी १८५३ च्या तहाने वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात गेले. सावकारी भाषेत बोलावयाचे तर अवघा प्रांत तारण पडला. १९०२ मध्ये सालाना २५ लाख रुपयांच्या मोबदल्यात तो कायमच्या भाडेपट्ट्याने इंग्रजांकडे राहिला. कारंज्याच्या सावकाराने आयुष्यभरात शेकडो गहाणखते पाहिली असतील. पण आपण स्वतः, आपले शेत आणि आपली पेठ एका मोठ्या गहाणखतातल्या मालमत्तेचा भाग झालो आहोत, हे त्याच्या पिढीने अनुभवले.

कारंज्याच्या नशिबावर परिणाम करणारे पुढचे युद्ध तर सात समुद्रांपलीकडचे होते. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत उत्तर आणि दक्षिण राज्यांचे यादवी युद्ध चालले. दक्षिणेची बंदरे अडविली गेली, लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेना, आणि हिंदी कापसाचे भाव अस्मानाला भिडले. वऱ्हाडात पैशाचा पूर आला. अमेरिकेत शांतता होताच भाव कोसळले आणि चढ्या भावाच्या आशेवर उचललेली कर्जे अंगावर राहिली. तलवारीची लूट एका दिवसात होते आणि सर्वांना दिसते. बाजाराची मंदी मात्र चोरपावलांनी येते आणि तिजोरीबरोबर पतही नेते. १६७० मधून सावरलेल्या पेठांना ही दुसरी लूट अधिक जड गेली, असे म्हटल्यास ते वावगे ठरू नये.

त्यातच लोहमार्गाने पेठांचे भाग्य बदलले. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेची वाट १८६७ मध्ये नागपूरला पोहोचली, ती मूर्तिजापूर, बडनेऱ्यावरून. कारंजे बाजूला राहिले. विसाव्या शतकाच्या आरंभी मूर्तिजापूर ते यवतमाळ अशी सुमारे ११३ किलोमीटरची अरुंद रुळांची गाडी कारंज्यावरून सुरू झाली. ‘शकुंतला’ म्हणून ती पुढे सर्वतोमुखी झाली. कापसाच्या गाठी मूर्तिजापूरला मुख्य मार्गावर नेणे, हे तिचे मूळ काम. दिल्लीच्या नावाची वेस मिरविणाऱ्या नगराची वाट आता एका छोट्या फाट्याने जगाला जोडलेली होती.

भांडारे उघडली

पेठेचे तेज ओसरत असताना कारंज्याचे दुसरे धन उजेडात आले. १९१८ मध्ये ब्रह्मचारी देवचंद शहा यांनी येथे महावीर ब्रह्मचर्याश्रम स्थापिला. हेच पुढे मुनिश्री समंतभद्र महाराज म्हणून विख्यात झाले, आणि कुंभोज-बाहुबलीचे गुरुकुलही त्यांच्याच प्रेरणेने उभे राहिले. महाराष्ट्रातील जैन गुरुकुलांच्या परंपरेचे बीज असे कारंज्याच्या मातीत रुजले.

योगायोगाने त्याच वर्षी, १९१८ मध्ये, जर्मन पंडित हर्मान याकोबी यांनी ‘भविसत्तकहा’ हे अपभ्रंश काव्य प्रसिद्ध केले. प्राकृत आणि आजच्या देशी भाषा यांना जोडणारे अपभ्रंश साहित्य बहुतांशी लुप्त झाले, असा तोवर विद्वानांचा समज होता. मराठीच्या जन्मकथेचा एक दुवाच त्यामुळे हरवल्यासारखा होता. १९२६ मध्ये रायबहादूर हिरालाल यांनी मध्यप्रांत आणि वऱ्हाडातील संस्कृत-प्राकृत हस्तलिखितांची मोठी सूची नागपूरहून प्रसिद्ध केली. तीत कारंज्याच्या भांडारांतील ग्रंथांची नोंद झाली आणि अभ्यासकांचे लक्ष या गावाकडे वेधले गेले. अमरावतीच्या किंग एडवर्ड कॉलेजातील प्राध्यापक डॉ. हिरालाल जैन यांनी या पोथ्यांच्या संपादनाला वाहून घेतले. कारंजा जैन ग्रंथमाला सुरू झाली. तिचा पहिला ग्रंथ होता पुष्पदंताचा ‘जसहरचरिउ’, डॉ. प. ल. वैद्य यांनी संपादिलेला, १९३१ मध्ये प्रसिद्ध झालेला. १९३३ मध्ये डॉ. जैन यांनी संपादिलेला ‘णायकुमारचरिउ’ आला, तो कारंज्याच्या भट्टारक देवेंद्रकीर्तींच्या नावाने काढलेल्या मालेत. पाठोपाठ ‘पाहुडदोहा’ आणि मुनी कनकामरांचा ‘करकंडचरिउ’ हे ग्रंथ आले.

मान्यखेट जळाले त्याला तेव्हा साडेनऊ शतके उलटून गेली होती. आपण आता राहावयाचे कोठे, या पुष्पदंताच्या प्रश्नाचे उत्तर वऱ्हाडातील एका कापूसपेठेने दिले.

पुढे १९३९ पासून षट्खंडागमावरील वीरसेनाचार्यांची ‘धवला’ टीका डॉ. हिरालाल जैन यांच्या संपादनाखाली अमरावतीहून क्रमाने १६ भागांत प्रसिद्ध झाली. मूडबिद्रीच्या ताडपत्रांत शतकानुशतके बंदिस्त असलेल्या या ग्रंथाच्या ज्या नकला संपादनाला उपयोगी पडल्या, त्यांत कारंज्याच्या आश्रमातील एक प्रत होती. या साऱ्या कार्याला पैसा पुरविला तो व्यापारी घराण्यांनीच.

आजचे कारंजे

१९९८ मध्ये वाशीम हा स्वतंत्र जिल्हा झाला आणि कारंजा त्यातील एक तालुका. शकुंतलेची शिट्टी गेली काही वर्षे बंद आहे. कारंज्याला जाणाऱ्या यात्रेकरूने गुरुमंदिराचे आणि तिन्ही जिनालयांचे दर्शन जरूर घ्यावे. काष्ठासंघाच्या चंद्रनाथ स्वामी मंदिरातील लाकडी कोरीवकाम सावकाश पाहावे. वेशींकडे जाणाऱ्या जुन्या गल्ल्यांतून पायी हिंडावे. गावालगतच्या सोहोळ अभयारण्यात काळविटांचे कळप दिसतात. मुलाबाळांसह जाणाऱ्यांना तेही एक आकर्षण आहे.

पण कारंज्यातून परतताना एक गोष्ट मनाशी बाळगली पाहिजे. या नगराच्या इतिहासात फौजांनी पोथ्यांना उपद्रव दिल्याची कथा नाही. पोथ्यांना भय आहे ते निराळ्या शत्रूंचे. वाळवी, दमट हवा, ठिसूळ झालेला कागद आणि सर्वांत मोठा शत्रू म्हणजे विस्मरण. जुन्या घराण्यांच्या शाखा नागपूर, पुणे, मुंबईला गेल्या. मोडी आणि जुनी देवनागरी वाचणारे विरळ झाले. ही अवस्था एकट्या कारंज्याची नाही. लातूर, नागपूर, सोलापूर, कोल्हापूर, जेथे जेथे जुनी भांडारे आहेत तेथे तेथे कमी-अधिक फरकाने हेच आहे. केंद्र सरकारने २००३ मध्ये राष्ट्रीय पांडुलिपी मिशन सुरू केले. नोंदणी, जतन आणि छायाप्रती यांचे तंत्र आज उपलब्ध आहे. उणीव भासते ती आपल्या मंदिरातील कपाट कोणी उघडावे, या पुढाकाराची.

पूर्वजांनी उद्यापनाला एक पोथी लिहवून घेतली. आजच्या कुटुंबाने त्याच निमित्ताने एका पोथीचे जतन, तिच्या पानांचे छायाचित्रण आणि नोंद यांचा खर्च उचलला, तर ते त्याच शास्त्रदानाचे आजचे रूप होईल. तो खर्च घरच्या एखाद्या समारंभाच्या मंडपापेक्षाही थोडा असतो. आणि पोथीच्या शेवटच्या पानावरील दात्यांच्या नावांत आपल्याच आडनावाचा, आपल्याच ज्ञातीचा कोणी पूर्वज भेटण्याचा संभव असतो. कारंज्याची १ कोटीची लूट ज्या घरांतून गेली, त्या घरांची नावे लोक विसरले. संघवी भोजांचे नाव एका मुनींच्या कवितेत राहिले, आणि पोथ्या लिहवून घेणाऱ्या श्रावक-श्राविकांची नावे त्या पोथ्यांत आहेत, वाचणाऱ्याची वाट पाहत.